चकतीची लाज कशाला?

गिअरची नवी सायकल घेऊन बेंबळीच्या चौकात उभं राहा. दहा मिनिटांत एक तरी तज्ज्ञ भेटतोच. तो आधी ब्रेक दाबून बघतो, मग गिअर खटखट करतो आणि शेवटी मागच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणतो, "हे प्लास्टिकचं ताट कशाला ठेवलंय? काढून टाक की. लहान पोराची सायकल वाटते." दुसऱ्या दिवशी ती चकती उकिरड्यावर गेलेली असते आणि सायकलचा 'स्पोर्टी' फोटो स्टेटसला लागलेला असतो.

ही चकती म्हणजे मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला, दातेरी चक्रं आणि स्पोक यांच्यामध्ये बसवलेलं गोल झाकण. इंग्रजीत तिला स्पोक प्रोटेक्टर म्हणतात. तिचं वजन शंभर ग्रॅमही नसतं. पण ती ठेवावी की काढावी यावर कट्ट्यावर होणारी भांडणं मात्र किलोकिलोनं मोजावीत अशी! आमचं मत विचाराल तर नीट जुळवलेल्या सायकलला या चकतीची गरज नाही. पण आपली सायकल नीट जुळवलेली आहे का, हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं ती काढू नये.

आधी ती काय काम करते ते बघू. गिअरच्या सायकलला मागे लहानमोठी सहा-सात चक्रं असतात. त्यांतलं सगळ्यात मोठं चक्र स्पोकच्या अगदी लगत असतं. चढ आला की आपण चेन त्या मोठ्या चक्रावर नेतो, कारण तिथं पाय हलका चालतो. चेन इकडून तिकडे ढकलण्याचं काम खाली लोंबणारा डिरेलर करतो. त्यानं आत किती सरकायचं, याची हद्द एक बारीक स्क्रू ठरवतो. त्याच्याजवळ इंग्रजी 'एल' अक्षर असतं. हा स्क्रू ढिला असेल तर डिरेलर हद्द ओलांडतो आणि चेन मोठ्या चक्रावरून घसरून स्पोकमध्ये जाऊन पडते.

पुढची गंमत गंमत राहत नाही. त्या वेळी तुम्ही चढावर असता आणि पेडलवर सगळा जोर असतो. चेन स्पोक खरवडते, कधी तोडते. डिरेलरच स्पोकमध्ये ओढला गेला तर तो पिळवटून निघतो आणि चाक जागच्या जागी अडतं. तुळजापूरच्या घाटात, मागून ट्रक येत असताना मागचं चाक अचानक अडणं म्हणजे काय, हे सांगायला नको. चकती मध्ये असली तर घसरलेली चेन तिच्यावरून सरकते आणि स्पोक बहुतेक वेळा वाचतात.

आता वडिलांच्या काळ्या सायकलचा विचार करा. दुधाचे कॅन लटकवलेली, बिनगिअरची. तिच्या मागे एकच चक्र आणि डिरेलर नाहीच. तिची चेन ढिली होऊन उतरते, पण तिला स्पोककडे ढकलणारं कुणी नसतं. त्यामुळे तिला ही चकती कधीच लागली नाही. शाळेत जायला मुलींना मिळणाऱ्या साध्या सायकलींचंही तेच. म्हणजे "आमच्या आजोबांनी चाळीस वर्षं चकतीशिवाय सायकल चालवली" हा मुद्दा खरा असला, तरी गिअरच्या सायकलला तो लागू होत नाही.

दुसरा मुद्दा हमखास येतो तो शर्यतींचा. "रेसवाल्यांच्या सायकलला कुठं असते चकती?" बरोबर, नसते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. मराठी पोरांनी छाती फुगवावी अशीच ही गोष्ट. पण त्या शर्यतीत सायकलस्वारामागे मदतीचं पथक आणि गाडी असावीच लागते. सायकल रोज कुणीतरी तपासतं, स्क्रू कुणीतरी बघतं. तुमच्यामागे कोण आहे? बेंबळीत पंक्चर निघेल, ब्रेकच्या पट्ट्या बदलतील, चाकाचा आउटही काढून मिळेल. पण गिअर बारकाईनं जुळवायचा म्हटलं की बऱ्याचदा धाराशिव, लातूर नाहीतर सोलापूरचा रस्ता धरावा लागतो. रेसवाल्याची नक्कल करायची तर त्याच्या देखभालीचीही करा.

कुणी म्हणेल, एकदा स्क्रू नीट लावला की विषय संपला. संपत नाही. डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. सायकल उजव्या अंगावर पडली की हा हँगर आत वाकतो. फ्रेमला धक्का बसण्याआधी आपण वाकावं, म्हणून बऱ्याच सायकलींत तो मऊच ठेवलेला असतो. आता आपल्या सायकली किती वेळा पडतात ते आठवा. कॉलेजच्या स्टँडला एक पडली की ओळीनं दहा पडतात. टेम्पोत टाकताना वर पोती पडतात. उसाच्या ट्रॉलीला साइड देताना आपण खडीत उतरतो आणि आडवे होतो. स्क्रू जिथल्या तिथं असतो, पण हँगर वाकल्यामुळे डिरेलर स्पोकच्या जवळ गेलेला असतो. कपडे झटकून आपण निघतो आणि पुढच्या चढाला मोठ्या चक्रावर चेन टाकतो. चकतीची गरज नेमकी तेव्हा पडते.

म्हणूनच अमेरिकेत ग्राहक सुरक्षेच्या नियमांत १९७०च्या दशकापासून अशी अट आहे की, डिरेलर चुकीचा जुळवलेला असला किंवा त्याला मार बसला असला, तरी चेनमुळे चाक अडता कामा नये, असं संरक्षण सायकलला हवं. नियम करणाऱ्यांनी सायकलस्वाराला अडाणी धरलं नव्हतं. माणूस पडतो, विसरतो, आळस करतो, एवढंच त्यांनी गृहीत धरलं.

चकतीचेही दोष आहेत, ते लपवायचं कारण नाही. स्वस्त प्लास्टिक उन्हानं कडक होतं, तडकतं आणि खडखड वाजायला लागतं. पावसाळ्यात आपली काळी माती तिच्यामागे गच्च बसते. तडकलेला तुकडा लोंबत असेल तर तोच चाकात अडकू शकतो. अशी चकती काढलीच पाहिजे, जमलं तर नवी बसवावी. आणि चकती आहे म्हणून गिअर कसाही असला तरी चालेल, असं समजणारा तर चकती काढणाऱ्यापेक्षाही मोठा शहाणा!

तेव्हा ज्याला काढायचीच आहे, त्यानं आधी एक परीक्षा द्यावी. सायकल स्टँडवर घ्या किंवा मित्राला मागचं चाक उचलायला सांगा. मागून बघा, डिरेलर चाकाला समांतर लोंबतोय की खालून आत वळलाय? मग पेडल हातानं फिरवत चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर न्या. पेडल थांबवा आणि बोटं स्पोकपासून लांब ठेवून डिरेलर हलकेच आत ढकला. तो मोठ्या चक्राच्या रेषेत थांबला पाहिजे. पुढे स्पोककडे सरकत असेल तर 'एल' स्क्रू थोडा थोडा आवळून पुन्हा बघा. हँगर वाकलेला असेल तर मात्र स्क्रूशी खेळू नका, जाणकाराकडे जा. ही तपासणी महिन्यातून एकदा आणि सायकल पडली की दर वेळी कराल, असा शब्द स्वतःला देता येत असेल तर खुशाल काढा चकती. आमची काही हरकत नाही.

आता जाता जाता, पण खरं तर सगळ्यात महत्त्वाचं. 'स्पोक प्रोटेक्टर' या नावावरून पुष्कळांना वाटतं की चाकापासून संरक्षण झालं. नाही झालं. ती चकती चेनपासून स्पोक वाचवते, माणसाला वाचवत नाही. मैत्रिणीची ओढणी कॅरिअरवरून खाली लोंबून चाकात जाते, तेव्हा तिथं चकतीचा काही उपयोग नाही. धाकट्या भावाला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडताना त्याची टाच स्पोकमध्ये जाते, तिथंही नाही. मोटारसायकलला मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, मागं बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकू नयेत, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३वा नियम सांगतो. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. सायकलला हा नियम लागू नाही, पण टाच तर तीच असते ना! कॅरिअरवर कुणाला बसवत असाल तर चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि पाय ठेवायला पट्ट्या बसवून घ्या. गिअरची असो वा बिनगिअरची, ती जाळी प्रत्येक सायकलला हवी.

सायकल कशी दिसते यावर आपण तासभर बोलतो आणि ती कशी चालते हे बघायला पाच मिनिटं काढत नाही. कट्ट्यावरच्या तज्ज्ञानं पुन्हा "हे ताट कशाला?" असं विचारलं, तर चिडू नका. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या आणि 'एल'चा स्क्रू कुठला, एवढंच विचारा. त्याला दाखवता आला तर चकतीचं काय करायचं ते दोघं मिळून ठरवा. नाही आला तर चकती राहू द्या आणि त्यालाही तो स्क्रू शिकवा.