बेबाक

आश्विनातली अमावास्या आली, की भुलेश्वरापासून गिरगावापर्यंतच्या जुन्या पेढ्यांवर अजूनही लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या येतात, त्यांच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, आणि ज्या मुनीमाने वर्षभर वहीतल्या कोणाचीही गय केलेली नसते तोच त्या संध्याकाळी तिच्यापुढे हात जोडून बसतो. हिशेब आता त्या वहीत राहिलेला नाही, हे त्यालाही ठाऊक असते. पण संगणकाला कुंकू लावण्याची सवय हाताला अद्याप झालेली नाही, एवढेच.

त्या वह्यांच्या जुन्या भाषेत, ज्या खात्यावर काहीही येणे उरलेले नाही त्याच्या अखेरीस एक शब्द लिहीत असत: बेबाक. फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत आलेला हा शब्द मराठीत जमाखर्चापुरताच राहिला. त्याचा अर्थ बाकी नसलेला, चुकता झालेला. उर्दूत मात्र याच्याशी जवळजवळ सारखा वाजणारा दुसरा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ निर्भीड असा होतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोघांचे नाते नाही. एकाच्या पोटी ‘बाकी’ आहे, तर दुसऱ्याच्या पोटी ‘बाक’, म्हणजे भय. उच्चारातला तो बारकावा आपल्या जिभेने केव्हाच घालवला, आणि या गल्लतीच्या आधारावर मी पुष्कळ वर्षे अशी समजूत बाळगून होतो की, ज्याच्याकडे कोणाचे काही येणे नाही तोच मनुष्य निर्भयपणे बोलू शकतो, आणि म्हणून व्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणजे अखेर ज्याचे त्याने एकट्याने उभे राहणे. यंदाचा अंक सिद्ध करीत असता ही समजूत बरीच डळमळली. तीच हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

व्यक्तिस्वातंत्र्य या विषयावर आपल्याकडे जे लिहिले गेले आहे, ते बहुतेक अशा माणसांनी लिहिले आहे की, ज्यांच्या घरात निदान एक दार तरी आतून लावून घेता येत होते. ज्या लालबाग-परळात माझे बालपण गेले तेथे दहा बाय बाराच्या एकेका गाळ्यात पंधरा-वीस माणसे राहत, पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकी, ट्रंक ज्या कोपऱ्यात असेल तेवढाच कोपरा आपला, आणि पत्र वाचायचे तर जिन्यातल्या दिव्याखाली उभे राहावे लागे. अशा ठिकाणी स्वातंत्र्याचे मोजमाप कोणत्या परिमाणाने करावयाचे? चाळीने त्यासाठी स्वतःचे एक माप काढले होते. अमका मनुष्य कोणाचा मिंधा आहे, हे ती पाहत असे. हा शब्द घराघरांत ज्या धारेने उच्चारला जाई, त्या धारेने ‘गुलाम’ हा शब्द मी कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही.

आमच्या मजल्यावर एक खानावळवाल्या मावशी होत्या. यजमान गिरणीत साचाखात्यात, आणि मावशींच्या चुलीवर दोन्ही वेळ मिळून सोळा जेवणारे. बहुतेक सगळे कोकणातले आणि घाटावरचे गडी, बिऱ्हाड गावी ठेवून आलेले. पगाराची तारीख दहा, त्यामुळे खानावळीचे पैसे हाती पडायचे ते दहा तारखेनंतर, आणि तोवर तांदूळ, डाळ, मिरची, गोडे तेल हे सारे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून उधारीवर. त्या उधारीत भाव वाणी सांगेल तो आणि माल तो काढून देईल तो. तांदळात खडे निघाले तरी बोलता येत नसे. कारण बोलले तर तो वही उघडणार, आणि दुकानात चार माणसे उभी असताना मागचा आकडा मोठ्याने वाचून दाखवणार. मावशी रोज दुपारी सुपात तांदूळ घेऊन बसत व खडे वेचून एका चिंधीत बांधून ठेवीत. ते कशासाठी, हे मला तेव्हा कळत नव्हते.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका सकाळी त्या मला वाण्याकडे घेऊन गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि वहीत काय लिहिले जाते ते वाचून सांगणारे कोणीतरी आपल्या बाजूचे त्यांना हवे होते. त्यांनी पदराची गाठ सोडून नोटा मोजून दिल्या. वाण्याने त्या गल्ल्यात टाकल्या आणि हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, “शेट, आधी रेघ मारा. मग बोला.” त्याने पानावर आडवी रेघ ओढली, खाली काहीतरी खरडले, मी ते जुळवून जुळवून वाचले आणि ‘बेबाक’ म्हणजे काय असे विचारले. कोणी उत्तर दिले नाही. मावशींनी ती खड्यांची चिंधी काढून तराजूच्या पारड्यात ठेवली आणि म्हणाल्या, “हे तुमचं. वजन करून घ्या.”

हे पैसे त्यांच्याकडे कोठून आले, याचे उत्तर त्या काळच्या परळच्या इतिहासात आहे. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणगावातल्या अशा बायांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढले. बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन तोवर सहा वर्षे झाली होती; परंतु ज्या बाईकडे तारण म्हणून ठेवायला पितळेच्या चार डब्यांपलीकडे काही नाही, तिला बँकेच्या दारात उभे करणे हे वटहुकमाने होणारे काम नव्हते. सुरुवातीला चौदा जणींना कर्ज मिळाले, पुढे ही संख्या हजारांवर गेली, आणि तारणाच्या जागी या बायांनी एकमेकींचा शब्द ठेवला. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तिच्या दारात जायचे, असा तो व्यवहार. सामाजिक कार्याच्या अहवालांतून याची वर्णने पुष्कळ आली आहेत आणि ती सर्वच वाचनीय आहेत असे नाही. मला त्यातली एकच गोष्ट येथे नोंदवायची आहे. ज्या सकाळी मावशी वाण्याकडे बेबाक झाल्या, त्याच सकाळी त्या बँकेच्या ऋणको आणि बरोबरीच्या बायांच्या जामीनदार होत्या. त्यांच्या नावावरचे कर्ज संपले नव्हते, त्याने केवळ खाते बदलले होते. तरीही तराजूत खडे ठेवण्याचे बळ त्यांना आले, आणि ते ज्यातून आले ते एकटे उभे राहणे खचितच नव्हते.

माझ्या समजुतीला आणखी एक धक्का बसला तो र. धों. कर्व्यांच्या चरित्राने. दिवाळी अंकाच्या संपादकाने कर्व्यांची आठवण काढावी हे थोडे विनोदी दिसेल; कारण १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकार घरातल्या सर्वांनी मिळून वाचायचा म्हणून वाढला, आणि कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मुखपृष्ठावरच्या विवस्त्र स्त्रीचित्रामुळे उशीखाली ठेवून वाचायचे मासिक होते. कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनीही उघडले होते. पुढे प्राध्यापकी आणि हा प्रचार यांतून एक निवडण्याचा प्रसंग आला, तेव्हा १९२५ साली त्यांनी चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातली जागा सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले, आणि १९५३ साली त्यांच्या निधनाबरोबर संपले. सव्वीस वर्षे हा मनुष्य गिरगावात बसून, बहुतेक सर्व मजकूर स्वतः लिहून, मुद्रिते स्वतः तपासून, पोस्टात अंक स्वतः टाकून, लोकांना नको असलेली गोष्ट त्यांना दर महिन्याला सांगत राहिला.

एकाकी धैर्याचा याहून नमुनेदार दाखला कोणता, असे मी म्हणत असे. पण १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र ज्यांनी घेतले ते बॅरिस्टर आंबेडकर, म्हणजे परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षे संसार केलेले गृहस्थ. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. लोकप्रियतेच्या हिशेबाने पाहिले तर अस्पृश्योद्धाराच्या कामात आकंठ बुडालेल्या पुढाऱ्याने हे प्रकरण अंगावर घेण्याचे काहीच कारण नव्हते. आणि घरात मालतीबाई होत्या. नवऱ्याने कायमचा पगार सोडून असा उद्योग आरंभावा आणि तो चालावा, ही गोष्ट त्यांच्या संमतीवाचून एक महिनाही टिकली नसती. चरित्रकारांनी त्यांना जितकी पाने दिली आहेत त्याहून अधिक त्यांच्या वाट्याला यायला हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्वे शासनाचे, धर्माचे, शिक्षणसंस्थेचे मिंधे नव्हते. पण मालतीबाईंचे देणे ते लागत होते, आणि ते कधी फिटण्यासारखे नव्हते.

गिरगावातच १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या, त्यांचे भांडवल उसने घेतलेले ऐंशी रुपये होते, आणि तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही हा नियम त्यांनी आरंभीच घालून घेतला. ‘लिज्जत’चे यश सर्वांच्या परिचयाचे आहे, त्यावर लिहीत नाही. ऐंशी रुपये उसने घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही आणि देणगी घेण्यात वाटला, हा विवेक मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. उसने फेडता येते. देणगी फेडता येत नाही, तिच्यापुढे फक्त नमता येते. दुर्गाबाई भागवतांनी सरकारी सन्मान आणि ज्ञानपीठ दोन्ही नाकारले, त्यामागेही हाच हिशेब असावा असे मला वाटते. १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या आणि पुढे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वाचीत असता अटक झालेल्या या बाईंनी पाककृतींवरही तितक्याच चवीने लिहिले. ‘खमंग’ हे पुस्तक ज्यांच्या घरी आहे त्यांना ते सांगायला नको. स्वातंत्र्य आणि स्वयंपाक हे दोन निरनिराळ्या खात्यांवर टाकण्याचे विषय आहेत, असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही.

आता एक अवघड गोष्ट. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप विधिपूर्वक मागे घेतला गेलाच नाही. त्या वर्षी मावशींच्या सोळा जेवणाऱ्यांपैकी निम्मे गावी गेले. उरलेल्यांना त्यांनी जेवू घातले. पहिल्यांदाच त्यांच्या घरी उधारीची वही झाली, ती मी लिहीत असे, आणि महिन्यामागून महिना मी तिच्यात फक्त एकच बाजू भरत गेलो. त्यांतले काही जण नंतर येऊन पैसे देऊन गेले. बहुतेक आलेच नाहीत, कारण ज्या गिरणीकडे परत यायचे ती राहिली नव्हती. मावशींनी स्वतःच्या घराचे खाते बेबाक करण्यासाठी जन्म घालवला, आणि ही वही मात्र त्यांनी उघडीच ठेवली. एकदा मी ती फाडून टाकू का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “राहू दे. त्यांची नावं आहेत तीत.”

हे सर्व आठवण्यास जे निमित्त घडले ते क्षुल्लक आहे, आणि ते सांगताना थोडा संकोचही वाटतो. दिवाळी अंक जाहिरातींवर उभा असतो, हे काही गुपित नाही. वाचक जी किंमत देतो तिच्यात कागदाचीही भरपाई होत नाही. यंदा श्रावणात एका जुन्या जाहिरातदारांचा निरोप आला की, अंकातील एक लेख वगळला तर बरे होईल. तगादा नव्हता, धमकी नव्हती. इतक्या वर्षांचे संबंध आहेत, असे अत्यंत सौजन्याने सांगितले गेले. मी दोन रात्री विचार केला. दोन रात्री लागल्या, ही गोष्ट माझ्या खात्यावर खर्ची पडली आहे आणि ती मी लपवीत नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या छापखान्याच्या मालकांना झालेला प्रकार सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, कागदाचे पैसे मार्गशीर्षात द्या.” वितरकांनी आगाऊ रक्कम थोडी वाढवून दिली. दोन लेखकांनी मानधन पुढे ढकलले. त्यांतल्या एकाला मी नको म्हटले, कारण त्याला त्याची गरज होती.

तो लेख या अंकात आहे. कोणता, ते वाचकांनी ओळखू नये अशीच माझी इच्छा आहे, कारण मग तो लेख म्हणून वाचला जाणार नाही. छापखान्याची, वितरकांची आणि एका लेखकाची बाकी आमच्याकडे आहे, व ती मार्गशीर्ष अखेरपर्यंत चुकती होईल. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस दरवर्षी जी जाहिरात असते तेथे यंदा लालबागच्या एका जिन्याचे रेखाचित्र आहे. अंकाची किंमत वीस रुपयांनी वाढवावी लागली. कारण वर आलेच आहे.