वारा मंद, बोर्ड बुलंद!

निफाड म्हटलं की काय आठवतं? द्राक्षं, लासलगावचा कांदा आणि दर हिवाळ्यात पेपरात झळकणारा घसरलेला पारा. वारा काही आठवत नाही. थंडीच्या दिवसांत तिकडे असते ती झुळूक. पान हलतं, टोपी उडत नाही. पण तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत गोव्यात चार दिवस विंडसर्फिंग केलंत, अंगात वारं शिरलं आणि आता ऑफिसात बॉसची नजर चुकवून सेकंडहँड बोर्ड शोधताय. थांबा जरा. ‘अ‍ॅड टू कार्ट’ करण्याआधी ही पाच मिनिटं द्या, पुढचे बरेच हजार वाचतील.

आधी जागेचं बोलू. निफाडकरांच्या डोळ्यांसमोर पहिलं पाणी येतं ते नांदूर मधमेश्वरचं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बांधलेला बंधारा, मागे पसरलेलं संथ पाणी, वर मोकळं आभाळ. शिकायला आयडियल वाटतं ना? तिथे शीड उभारायचं नाही. विषय संपला. १९८६पासून ते पक्षी अभयारण्य आहे, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हजारो मैल उडून आलेली बदकं आपल्या हौसेपायी उठवायची म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात जाऊन डीजे लावण्यासारखं आहे. शिवाय गाळाने भरलेलं उथळ पाणी, फिन रुतून बसेल ते वेगळंच. तिथे दुर्बीण न्या.

मग उरतं काय? नाशिकजवळ गंगापूर धरणावर एमटीडीसीचा बोट क्लब आहे. स्वतःचा बोर्ड घेऊन उतरायची परवानगी आधी विचारा, कारण ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये शिडं डौलात फिरतात, पण ती एनडीएच्या कॅडेट्सची. बाकी आपलं गोवा आहेच. पण धरण असो की दोना पावला, ऐन उन्हाळा आणि पावसाळा सोडला तर वर्षातले बरेच दिवस वारा ५ ते १० नॉटच्या आसपासच खेळतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. हवामानाच्या साइटवर ‘१५’ बघून हुरळू नका, ते किलोमीटर असतात. म्हणजे जेमतेम ८ नॉट.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. वाटतं, वारा कमी तर शीड मोठं घेऊ, झालं. होत नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की शिडावरचा जोर निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो. १४ नॉटमध्ये ५ चौरस मीटरचं शीड जेवढं ओढतं तेवढं ७ नॉटमध्ये ओढायला २० चौरस मीटर कापड लागेल. त्यात लग्नाचा मांडव होईल! म्हणून मंद वाऱ्यात पैसे आधी बोर्डवर खर्च करायचे, शिडावर नंतर.

फिल्मी फोटोंत दिसतो तो छोटा, टोकदार बोर्ड पाण्यावर घसरतो. याला म्हणतात प्लेनिंग. त्यासाठी नवशिक्याला साधारण १२ नॉटच्या वर वारा हवा. त्याखाली तोच बोर्ड पाण्यात बसतो आणि म्हशीसारखा हलत नाही. लांब बोर्ड मात्र पाणी कापत, होडीसारखा निवांत सरकतो. साडेतीन मीटरच्या पुढे लांबी, १८० ते २२० लिटर व्हॉल्यूम, हे तुमचं माप. लिटरचा हिशोब सोपा आहे. एक लिटर साधारण एक किलो उचलतो. तुम्ही ७० किलो, शीड-डोलकाठीचं लटांबर १० किलो, बोर्ड स्वतः १५. म्हणजे ९५ लिटर तर नुसतं न बुडण्यात गेले. वर उभं राहून तोल सांभाळायचा, शीड पाण्यातून ओढून काढायचं, तर दुप्पट हवं. कोणी १२० लिटरचा ‘स्वस्तात’ देत असेल तर त्याला शुभेच्छा द्या आणि फोन ठेवा.

आणि सेंटरबोर्ड. बोर्डच्या मधून खाली उतरणारं हे पातं मंद वाऱ्यातलं सर्वांत महत्त्वाचं अवयव आहे, आणि जाहिरातीत त्याचाच उल्लेख नसतो. मागची फिन एकटी काम करते ती वेगात. वेग नसेल तर बोर्ड आडवा वाहत जातो. जाताना मजा, परत येताना बोंब. गोव्यात सकाळचा वारा बऱ्याचदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी उलटतो. सकाळच्या त्या गोड झुळकीवर सेंटरबोर्डशिवाय निघालात तर किनारा हळूहळू लहान होत जातो. लाइफ जॅकेट, किनाऱ्यावर लक्ष ठेवणारा मित्र आणि दुपारची वेळ. यावर नो कॉम्प्रोमाइज.

शीड? ७० किलोच्या आसपास असाल तर ६ ते ६.५ चौरस मीटर, ५५च्या आतल्यांना ५ पुरे. ऑलिंपिकवाले मोठी वापरायचे हे खरं. १९९६ ते २००४च्या मिस्ट्रल बोर्डवर ७.४ मीटर, नंतरच्या आरएस-एक्सवर पुरुषांना ९.५, महिलांना ८.५. याच आरएस-एक्सवर इबाद अलीने २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताला ब्राँझ मिळवून दिलं. पण ही मंडळी वारा पडला की अख्खं शीड पंख्यासारखं हलवून स्वतःच वारा तयार करतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या कंबरेला ते झेपेल? नऊ मीटरचं भिजलेलं शीड दहाव्यांदा उचलताना उत्तर मिळतं. कॅम्बरवालं शीडही टाळा. आकार सुंदर धरतं, पण त्याच्या बाहीत पाणी भरतं. पैसे उरले तर हलक्या कार्बन डोलकाठीत घाला. आणि मंद वाऱ्यात शीड मागे फार ताणू नका, थोडं पोट राहू द्या.

फॉइलचं म्हणाल, तर पॅरिस २०२४मध्ये सगळे पाण्यावरून उडतच होते. पण फॉइलला खाली मीटरभर तरी मोकळं पाणी हवं, आणि उन्हाळ्यात धरण आटलं की काठाला जुनी खोडं, दगड वर येतात. सध्या राहू दे.

राहता राहिला फ्लॅटचा प्रश्न. ३.६ मीटरचा बोर्ड सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर शेजारच्या काकूंची तुळस जाते. तेव्हा डोलकाठी लावायची सोय असलेला, मध्ये जादा फिन असलेला हवा भरायचा बोर्ड बघा. थोडा संथ, पण गुंडाळून कारच्या डिकीत बसतो. कडक बोर्ड जुना घेणार असाल तर उभं राहायच्या जागी अंगठ्याने दाबत जा. मऊ लागलं तर आत पाणी शिरलंय. डोलकाठीच्या बुडाचा रबरी सांधा वाकवून तडे बघा, आणि कितीही चांगला दिसला तरी नवा घ्या. तो तुटतो तो नेहमी पाण्याच्या मधोमध.