दहा तासांचा दिवस, वर मेट्रो
हैदराबादेत दिलसुखनगरहून हायटेक सिटीत नोकरीला जाणाऱ्याचा दिवस मेट्रोच्या लाल मार्गावर सुरू होतो. अमीरपेटला उतरून निळ्या मार्गाची गाडी धरायची, संध्याकाळी तेच उलट. हा वेळ हजेरीत धरला जात नाही. जुलै २०२५मध्ये तेलंगण सरकारने व्यापारी आस्थापनांना दिवसाला दहा तास कामाची मुभा दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहिली, हे खरे. पण जादा कामासाठी तिमाहीला १४४ तासांची वाट मोकळी आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही सप्टेंबरमध्ये हाच आकडा मान्य केला. मग ताणावर उतारा म्हणून कंपन्या योगवर्ग भरवतात, कधी कधी तेही सुट्टीच्या दिवशी! श्वास कसा घ्यावा हे कर्मचाऱ्याला ठाऊक असते. घ्यायला फुरसत नसते. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले, २०२५मध्ये पुन्हा. अशी विधेयके क्वचितच कायदा होतात. पण तास वाढवायला राज्यांचे अधिकार पुरतात, तर रात्रीच्या संदेशांना आवर घालायलाही पुरावेत. तेलंगणाने सुरुवात आयटी कंपन्यांपासून करावी.