पणास लावलें कोणाचें?

२०२५ सालच्या आषाढांतील गोष्ट. एकादशीचें पारणें आटोपून आम्ही ओसरीवर विडा जुळवीत बसलों होतों. इतक्यांत आमचा नातू आंतून धांवत आला व म्हणाला, “आजोबा, पृथ्वी शॉ आपल्याकडे आला!” ‘आपल्याकडे’ म्हणजे परभणीस नव्हे, तर महाराष्ट्राच्या क्रिकेट-संघांत, हा उलगडा होण्यास आम्हांस क्षणभर लागला. क्रिकेटच्या राज्यव्यवस्थेंत मुंबई हें एक स्वतंत्र संस्थानच आहे; आमचा परभणी जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेच्या छत्राखालीं येतो. नातवाचा आनंद पोटांत मावत नव्हता. आमचे धाकटे बंधु मात्र सुपारी कातरतां कातरतां थांबले आणि म्हणाले, “दादा, मुंबईनें ज्याला दाराबाहेर ठेवलें, त्याला ह्यांनीं पाट मांडला. हा निव्वळ जुगार झाला!” त्यावर माजघरांतून सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, त्या मुलाची आई तो चार वर्षांचा असतांनाच गेली म्हणतात. कोणीं तरी त्याला घ्यायला नको का?”

एकाच घरांत एका मुलाविषयीं तीन मतें झालीं. सूनबाईंच्या बोलण्यांत आणखीहि कांहीं होतें; तें पुढें सांगूं.

ज्या वाचकांच्या घरीं क्रिकेटचा वारा शिरलेला नाहीं, त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. पृथ्वी शॉ हा विरारचा मुलगा. वडिलांनीं त्याला लहानपणीं रोज रेल्वेनें मुंबईस सरावाला नेलें. २०१३ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या चौदाव्या वर्षीं, हॅरिस शील्डच्या आंतरशालेय सामन्यांत त्यानें ५४६ धावा काढल्या. २०१८ सालीं त्याच्या नायकत्वाखालीं भारताच्या एकोणीस वर्षांखालील मुलांनीं विश्वचषक जिंकला. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबर रोजीं राजकोट येथें वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटींत त्यानें १३४ धावा केल्या. पदार्पणांत शतक करणारा इतका लहान भारतीय तोंवर झाला नव्हता.

पुढें मात्र वाट वांकडी झाली. खोकल्याच्या औषधांतून पोटांत गेलेल्या निषिद्ध द्रव्याबद्दल २०१९ सालीं त्याला आठ महिन्यांची बंदी झाली. २०२० च्या डिसेंबरांत ॲडलेड येथील कसोटीनंतर त्याची कसोटी-संघांतील जागा गेली. २०२३ च्या जानेवारींत गुवाहाटी येथें आसामविरुद्ध त्यानें ३७९ धावा केल्या. रणजी करंडकांत त्याहून मोठी खेळी एकच आहे. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरांत मुंबईनेंच त्याला रणजी-संघांतून वगळलें. शरीर कसलेलें नाहीं, सरावाला नियम नाहीं, असें कारण वृत्तपत्रांत आलें. त्याच नोव्हेंबरांत लिलावांत त्याला कोणीहि घेतलें नाहीं. २०२५ सालीं एका मुलाखतींत त्यानें स्वतःच कबूल केलें, कीं आपले निर्णय चुकले, खेळाला द्यावयाचा वेळ कमी झाला, सोबतहि चुकली. मग मुंबईकडून ना-हरकत पत्र घेऊन तो महाराष्ट्राकडे आला.

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतो. घरांतील हा वाद त्याच्या कानांवर फोनवरून गेला, तेव्हां तो हंसून म्हणाला, “काका, इकडे हें नित्याचेंच आहे.” त्यानें सांगितलेलें थोडक्यांत देतों. तिकडच्या फुटबॉलांत चेंडू हातांत घेऊन खेळतात. प्रत्येक चालींत जो चेंडू प्रथम हातीं घेतो आणि तो पुढें कोणाकडे जावा हें ठरवितो, त्या गड्यास क्वार्टरबॅक म्हणतात. तो फसला कीं सारा संघ फसतो. म्हणून मोठमोठीं कॉलेजें असा गुणी गडी सदैव धुंडीत असतात, आणि दुसऱ्या कॉलेजांतून तो कां निघाला ह्याची फारशी चौकशी करीत नाहींत. कॉलेज बदलूं इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक सामायिक नोंदवहीच २०१८ पासून तेथें ठेवलेली आहे. पूर्वीं कॉलेज बदलल्यास वर्षभर बाहेर बसावें लागे; २०२१ पासून पहिल्या बदलीपुरती ती अट उठली.

कॅम न्यूटन नांवाचा असा एक गडी फ्लॉरिडा विद्यापीठांत होता. २००८ सालीं चोरीच्या संगणकाच्या प्रकरणांत त्याला अटक झाली. पुढें तो आरोप रद्द झाला. तो तेथून निघून टेक्सस प्रांतांतील ब्लिन ह्या लहान कॉलेजांत गेला, आणि एका वर्षानें ऑबर्न विद्यापीठानें त्याला घेतलें. २०१० च्या हंगामांत ऑबर्न एकहि सामना न हरतां राष्ट्रीय विजेतें झालें. उलट एव्हरेट गोल्सन पाहा. नोटर डेम येथें अभ्यासांतील गैरप्रकाराबद्दल २०१३ चा हंगाम त्याला बाहेर काढावा लागला. पुढें २०१५ सालीं फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठानें त्याला मोठ्या आशेनें आणलें. पण हंगाम संपण्यापूर्वींच त्याची जागा दुसऱ्यास मिळाली. एक दान पडलें, एक पडलें नाहीं. ज्याचें पडलें त्याचीच कथा सर्वत्र सांगितली जाते आणि तीच ऐकून पुढचा खेळणारा पटावर बसतो.

आतां बंधूंच्या ‘जुगार’ ह्या शब्दाकडे वळूं. महाभारतांतील द्यूतप्रसंग आपल्या घरांत लहान मुलांसहि ठाऊक आहे. धर्मराजानें धन लावलें, राज्य लावलें, तोंवर त्याला फार तर अविचारी म्हणावें. परंतु त्यानें भाऊ पणास लावले आणि अखेरीस द्रौपदी लावली, तेथें अविचाराचा अधर्म झाला. भर सभेंत द्रौपदीनें विचारलें तें हेंच, कीं पण लावणाराला तो अधिकार होता काय? कोणत्याहि जुगाराविषयीं प्रथम हाच प्रश्न विचारावा. जिंकेल कीं हरेल हा प्रश्न दुसरा; पणास लावलेलें कोणाचें आहे, हा पहिला.

बाहेरचा गडी घेतांना संघ काय पणास लावतो? पैसा लावतो, तो संघटनेचा. लौकिक लावतो, तोहि तिचाच. परंतु अकरांच्या संघांत एक जागा त्याला दिली, तर ती कोणाची तरी जाते. तो कोणी तरी बहुधा आमच्यासारख्या जिल्ह्यांतील असतो. आमच्या मराठवाड्यांतील मुलगा जिल्ह्याच्या संघांतून निवड-सामन्यांपर्यंत पोचतो तो रात्रीच्या गाडीनें पुण्यास जाऊन, नातेवाइकांच्या घरीं पथारी टाकून. २०२५ च्या हंगामांत महाराष्ट्राचा नायक होता तो अंकित बावणे पैठणचा. त्यानें ही वाट चालून दाखविली. बीडांत जन्मलेले संजय बांगर ह्यांना मात्र आपलें कर्तृत्व रेल्वेच्या संघांतून दाखवावें लागलें, आणि त्यांच्या नायकत्वाखालीं रेल्वेनें २००४-०५ चा रणजी करंडक जिंकला. घरच्या मुलाची जागा हातची देतांना हें स्मरणांत असावें.

संघ बदलणें हा मात्र मुळींच दोष नव्हे. रणजींतील ती सर्वांत मोठी खेळी, नाबाद ४४३, भाऊसाहेब निंबाळकरांनीं १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध केली. आणि तेच निंबाळकर बडोदें, होळकर, राजस्थान व रेल्वे ह्यांच्याकडूनहि खेळले. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ करून पुढें बडोद्याचे झाले. १९३९-४० व १९४०-४१ अशीं दोन वर्षें महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला, तेव्हां नायक होते प्रा. दि. ब. देवधर, सर परशुरामभाऊ कॉलेजांतील संस्कृताचे अध्यापक. त्यानंतर २०२५ पर्यंत तो करंडक महाराष्ट्राच्या हातीं पुन्हा आला नाहीं. एवढ्या वर्षांची भूक असल्यावर मोठें दान टाकण्याचा मोह होतो, हें आम्ही समजूं शकतों.

समजूं शकतों, कारण तो मोह आम्हांसहि एकदां झाला होता. आम्ही एका तालुक्याच्या शाळेंत शिक्षक असतांना दुसऱ्या गांवच्या शाळेनें मारामारीवरून नांव कमी केलेला एक मुलगा आमच्याकडे आला. खोखोंत त्याच्यासारखा पळणारा आम्हीं पाहिला नव्हता. जिल्ह्याचे सामने दोन महिन्यांवर होते. मुख्याध्यापकांनीं विचारलें, “गुरुजी, घ्यावा का?” आम्हीं तात्काळ होकार दिला. संघांत जागा करण्यासाठीं जवळच्या वाडीवरून रोज चालत येणाऱ्या एका मुलाला वगळलें आणि ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ असें सांगून त्याची समजूत काढली.

सामने आम्हीं जिंकले. सरपंचांनीं पेढे वांटले. परंतु तो नवा मुलगा तासांना बसत नसे आणि आम्ही तिकडे कानाडोळा करीत असूं. एके दिवशीं उशिरां आलेल्या दुसऱ्या एका मुलाला आम्हीं रागें भरलों, तेव्हां तो मान खालीं घालून म्हणाला, “गुरुजी, चांगलें खेळणाऱ्यांना नियम नसतो ना?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सहामाहीच्या परीक्षेंत त्या खेळाडूची संस्कृताची उत्तरपत्रिका कोरी होती, आणि तो विषय आमचा होता. हंगाम सरला, तो शाळेंत येईनासा झाला, त्याच्या घरीं कोणीं चौकशीस गेलें नाहीं, आम्हीहि गेलों नाहीं. वाडीवरचा मुलगा पुन्हा मैदानावर उतरला नाहीं. ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटावर राहिली. त्या ढालीकरितां आम्हीं दोन मुलें पणास लावलीं होतीं, आणि दोहोंपैकीं एकहि आमच्या मालकीचें नव्हतें.

कर्णाची कथा ह्या दृष्टीनें पुन्हा वाचावी. रंगभूमीवर सर्वांनीं झिडकारलेल्या त्या वीराला दुर्योधनानें अंगदेशाचें राज्य दिलें. देणें थोर होतें. पण दुर्योधनाची दृष्टि कर्णावर नव्हती, अर्जुनावर होती. त्यानें कर्णाला पराक्रमाचें स्थान दिलें, परंतु चुकतांना एकदांहि हात धरला नाहीं. आश्रय देणें आणि शस्त्र म्हणून उचलणें ह्यांत अंतर आहे तें एवढेंच.

महाराष्ट्रानें ह्यांपैकीं काय केलें? धावांचा हिशेब लिहिण्याजोगा आहे. २०२५ च्या ऑगस्टांत बुचीबाबू स्पर्धेंत छत्तीसगडविरुद्ध शॉनें १११ धावा केल्या. ऑक्टोबरांत गहुंजे येथें मुंबईविरुद्धच्याच सराव-सामन्यांत १८१ केल्या, आणि बाद होऊन परततांना जुन्या सहकाऱ्याशीं त्याचा खटका उडाला. केरळविरुद्ध पहिल्या रणजी-सामन्यांत शून्यावर गेला, दुसऱ्या डावांत ७५ केल्या. चंडीगडविरुद्ध पहिल्या डावांत ८ आणि दुसऱ्यांत १५६ चेंडूंत २२२. तो सामना महाराष्ट्रानें १४४ धावांनीं जिंकला. पहिल्या डावांत ११६ करणाऱ्या ऋतुराज गायकवाडला सामनावीर ठरविलें, तेव्हां त्यानें तो मान शॉबरोबर वांटून घेतला. आमच्या मतें ह्या साऱ्या आंकड्यांत मोलाची गोष्ट ही शेवटची. घरच्या मुलानें बाहेरून आलेल्यास आपल्या ताटांतला घांस दिला, म्हणजे तो त्या घरांत रुजूं लागला असें समजावें. शून्यावर परतला तेव्हांहि त्याला कोणी असेंच जवळ घेतलें असेल, तर संघानें जुगार खेळला असें आम्ही म्हणणार नाहीं.

आतां सूनबाईंची गोष्ट. त्यांचा भाचा पुढल्या जूनपासून आमच्या घरीं राहून अकरावी करावयाची म्हणतो. मुलगा गणितांत तल्लख. परंतु वसतिगृहांतून त्याला परत पाठविलें आहे. आषाढांतील त्या दिवशीं सूनबाई क्रिकेटविषयीं बोलत नव्हत्या, हें आमच्या मागाहून ध्यानांत आलें. बंधूंचें म्हणणें, घरांत वयांत आलेलीं दोन मुलें आहेत, नसता धोका कशाला? त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे.

आम्हीं ह्या वेळीं निर्णयापूर्वीं नातवाला जवळ बसविलें. भाचा आला तर माडीवरची खोली वांटून घ्यावी लागेल, टेबल अर्धें होईल, आजोबांची संध्याकाळहि अर्धी होईल, हें त्याला सांगितलें. कारण पणास लागणार होतें तें त्याचें होतें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “आजोबा, रात्रीं नऊच्या आंत घरीं येण्याचा नियम त्यालाहि असेल ना?” आम्हीं ‘असेल’ म्हटलें. “आणि त्याला कमी मार्क पडले तर परत पाठवायचें का?” आम्हीं ‘नाहीं’ म्हटलें. “मग येऊं दे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सूनबाईंच्या माहेरीं पत्र टाकलें, आणि हेच दोन नियम त्यांत लिहिले. बंधूंनीं तें वाचलें, चष्मा पुसला व खालीं आपली सही केली.