पाणी प्यायचीही चोरी!

उन्हाळा लागला की घरात माठ येतो आणि "पाणी पीत जा गं," म्हणून आपण मुलींच्या मागे लागतो. आमच्या मंडळाच्या आरोग्य शिबिरात मी हाच सल्ला दिला. शिबिर होतं साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर, बीडकडून आलेल्या ऊसतोड बायकांसाठी. एक जण हसून म्हणाली, "ताई, पाणी पिलं की जावं लागतं. अन् ऊस तुटला की आडोसाबी तुटतो." मी गप्पच झाले.

दुष्काळाने यांना घर सोडायला लावलं आणि इथे ऊन गाठतंय. २०२१-२२ च्या हंगामात तर ऊस इतका होता, की राज्यात गाळप जूनपर्यंत चाललं. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात तहान मारून मोळ्या वाहायच्या म्हणजे लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडावर ताण!

'दुपारी बाहेर पडू नका,' अशी सरकारी सूचना असते. पण इथे मजुरी टनावर आणि उचल आधीच घेतलेली. खाडा केला तर मुकादम पैसे कापणार. पाळीमुळे खाडा नको, हेही गर्भाशय काढण्यामागचं एक कारण असल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं. बीड जिल्ह्यातल्या सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. मग उन्हाची सूचना पाळणार कोण?

उपाय फार अवघड आहे का? निकाराग्वातही ऊसतोड मजुरांना मूत्रपिंडाच्या विकारांनी ग्रासलं आहे. तिथल्या एका कारखान्याने फडावर पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती द्यायला सुरुवात केली, तेव्हा मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. आपल्याकडे त्यात फिरतं शौचालय हवंच, आणि विश्रांतीचे पैसे कापले जाणार नाहीत, ही हमीही.

हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. तो हक्क फडापर्यंत कसा पोचणार? मैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकींच्या घरात कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सभेत उसाच्या दरावर तावातावाने बोलणं होतं. यंदा त्यांना एवढंच विचारायला सांगा, "फडावर बायकांसाठी पाणी आणि आडोसा आहे का?"