लॅपटॉप नव्हे, बॅटरी थकली
वीज जाताच लेकीचा लॅपटॉप बंद पडतो, म्हणून घरचे तो भंगारात काढायला निघतात. आम्ही तर याला निव्वळ इसराफ म्हणू. बॅटरी तेवढी बदला, अभ्यास चालू राहील. आपल्या हिंगोली-वसमतच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लिथियम-आयन बॅटरीला उष्णताच लवकर खाते. दिवसरात्र १०० टक्क्यांवर प्लगला लावून ठेवणेही वाईट. २० ते ८० टक्के पुरे. गादीवर ठेवून चालवू नका. याच बॅटरीसाठी २०१९चे नोबेल मिळाले तेव्हा गुडइनफसाहेब ९७ वर्षांचे होते, माशाअल्लाह! मात्र बॅटरी फुगली असेल तर चार्जर लगेच काढा. दाबू नका, टोचू नका. मुलांपासून दूर ठेवा.