समेट? आधी हिशेब!



परवा पंचवटीत एक जुना वर्गमित्र भेटला. चहा सांगितला. पाठीवर हात टाकून म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. आता समेट करून टाक ना, यार!"

हाच गडी. तीन वर्षांपूर्वी त्याच्या घरची खोली मला भाड्यानं ठरली होती. त्याच्या बापानं आडनाव विचारलं आणि खोली एकाएकी 'पाहुण्यांसाठी' लागली. तेव्हा हा खाली मान घालून उभा. आता म्हणे समेट!

समेटाचा अनुभव नाशकाला जुना आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटानं चालवला. देवळाची दारं बंद. ९ एप्रिलला रथयात्रा. तडजोड ठरली : रथ दोन्हीकडच्यांनी मिळून ओढायचा. आणि ऐन वेळी सनातन्यांनी रथ परस्पर पळवला! वर आमच्याच माणसांवर दगड. हात पुढं करणारे आम्ही, शब्द मोडणारे ते!

लढा कित्येक वर्षं चालला. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला ह्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दुसऱ्याच्या दारात ताटकळणं संपलं.

आज देवळाचं दार उघडं आहे. संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता रद्द केलीय. पण भाड्याच्या खोलीचं दार? ते आडनाव ऐकून उघडतं.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपल्यावर सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. १९९६ पासून जाहीर सुनावण्या झाल्या. ज्याला माफी पाहिजे त्यानं आपण काय केलं ते आधी सगळं सांगायचं. तिथंही न्याय पुरता झाला नाही. पण क्रम तरी बरोबर होता : आधी सत्य, मग समेट. आमच्याकडं समेट म्हणजे मार खाणाऱ्यानं विसरायचं आणि मारणाऱ्यानं मोठ्या मनानं चहा पाजायचा!

मला सूड नको. वैर पोसायचं नाही, हे बुद्धानं शिकवलंय. पण मैत्री म्हणजे विसरभोळेपणा नव्हे. मी मित्राला म्हणालो, "बापासमोर उभा राहा. सांग, की तेव्हा आपलं चुकलं. मग चहा माझ्याकडून." तो गप्प. पैसे देऊन निघून गेला.

माझा पणजा त्या सत्याग्रहात होता. त्यानं मागं जमीन ठेवली नाय, पैका ठेवला नाय. बंद दारापुढं ताठ उभं राहायची सवय तेवढी ठेवली. चार पिढ्या झाल्या, तीच टिकलीय.

हात आमचा अजून पुढंच आहे. पण ह्या खेपेला रथाचा दोर आधी आमच्या हातात द्या, मग समेटाचं बोला.

जय भीम!